पुढची चाकं

बारदेस्करांच्या काजूच्या कारखान्यात मी शिरले तेव्हा माझ्या ड्रेसवर विठू झोरेचं रक्त होतं. ते वाळून काळं पडलं होतं आणि वाटेत पावसानं पुन्हा ओलं होऊन ओढणीपर्यंत पसरलं होतं. शेडमध्ये पंचवीस-तीस बायका काजू फोडत बसल्या होत्या. मला बघून एकीचा हात थांबला, मग शेजारणीचा, आणि बघता बघता सगळी शेड गप्प झाली.

"बारदेस्कर कुठं आहेत?"

पास्कू बारदेस्कर भट्टीकडून हात पुसत आले. साठीचा, किडकिडीत, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालणारा माणूस. माझ्या कपड्यांकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, काय झालं? कुणाला लागलं?"

"तीन महिन्यांपूर्वी ह्याच अंगणात तुम्ही मला जीप दिलीत. फोर-व्हील म्हणून दिलीत."

"होय."

"पुढच्या चाकांना जोरच जात नाही तिच्या. जोर नेणारे आतले शाफ्टच नाहीत. आज जांभूळमाळच्या चढावर गाडी मागं घसरली आणि एका माणसाचा हात चाकाखाली गेला. शाफ्ट नाहीत हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?"

त्यांनी एकदा बायकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"माहीत होतं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर मी ओरडून ओरडून थकले असते. पण त्यांनी शांतपणे होय म्हटलं आणि माझं डोकं फिरलं.

"मग सांगितलं का नाहीत?"

बारदेस्कर हळूच म्हणाले, "साहेब आलेत का बरोबर?"

"माझ्या नवऱ्याचा ह्यात काय संबंध? गाडी मी चालवते. मी विचारतेय. बाई माणसाला उत्तर द्यायला कमीपणा वाटतो का तुम्हाला?"

"तसं नाही, बाई. तुम्ही जरा आत चला. पाणी घ्या."

"मला पाणी नको. तुम्ही लबाड आहात, बारदेस्कर. दर रविवारी देवापुढं गुडघे टेकता आणि बाकीचे सहा दिवस लोकांना फसवता. ह्या सगळ्या बायकांना कळू दे, त्या कुणाच्या हाताखाली काम करतात ते."

त्यांनी मान खाली घातली. मी आणखीही पुष्कळ बोलले. आज सव्वीस वर्षं झाली, पण त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो. त्यांच्या देवाधर्मावरून बोलले ते तर जास्तच. शेवटी माझाच आवाज बसला आणि मी निघून आले. मी रस्त्याला लागेपर्यंत शेडमधून काजू फोडल्याचा एकही आवाज आला नव्हता.

मी जनावरांची डॉक्टर. दूध संघातली नोकरी सोडून चंदगडमध्ये स्वतःचा दवाखाना टाकला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. खालच्या गावांत मी स्कूटरनं फिरायची. पण चंदगड तालुक्यात डोंगरांवर धनगरवाडे आहेत, आणि तालुक्यातल्या चांगल्या म्हशी तिथंच. तिथं रस्ता नाही, लाल मातीची चढाची वाट. पावसाळ्यात तिथलं जनावर आजारी पडलं की ते मरतंय का जगतंय एवढंच बघत बसायचं. मी नोकरी सोडली ती ह्या वरच्या लोकांसाठी, असं म्हटलं तर मोठेपणा होईल, पण खरं ते तेच.

माझे यजमान जयसिंग गावडे ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. शांत माणूस. आवाज कधी चढायचा नाही. माझ्या डोंगरावर जाण्याला त्यांनी कधी उघड विरोध केला नाही, फक्त मी निघाले की घड्याळाकडे बघायचे आणि परत आले की पुन्हा बघायचे. आमची रेवा तेव्हा चार वर्षांची होती.

जुनी फोर-व्हील घ्यायची हे मी ठरवलं. नवी परवडण्यासारखी नव्हती आणि मला नवी नकोच होती. तीन ठिकाणी गाड्या बघितल्या. एकीचा सांगाडा गंजून गेला होता, दुसरीचे कागद नव्हते, तिसरीच्या मालकानं मला चालवायलाच दिली नाही. "बाईंना क्लच दाबायचा नाही, लई जड आहे," म्हणाला. मग कुणीतरी बारदेस्करांच्या जीपचं सांगितलं. चौदा वर्षांची, हिरवी, मागं ताडपत्री. काजूची बी गोळा करायला ते ती वापरायचे.

एप्रिलच्या एका रविवारी आम्ही दोघं गेलो. बारदेस्करांनी गाडीची किल्ली थेट माझ्या हातात दिली, ते मला आवडलं. मी कारखान्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. गिअरच्या शेजारी दोन छोटे दांडे होते, एक चारही चाकांना जोर लावायचा, दुसरा जास्त ओढ द्यायचा. मी दोन्ही टाकून बघितले. गाडी घुरघुरली, जड झाली, पुढं गेली. सपाट अंगणात ह्यापेक्षा जास्त काय कळणार? इंजिनाचा आवाज भरदार होता. मी गाडीवर खूष होते.

मग बारदेस्करांच्या बायकोनं मला आत चहाला बोलावलं. दोघं पुरुष बाहेर गाडीखाली वाकून बघत होते. मी फणसाचे तळलेले गरे खाल्ले, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची हकिकत ऐकली. बाहेर आले तर जयसिंगरावांच्या पँटचे गुडघे मातीनं भरले होते.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे. सगळं बघितलं मी," ते म्हणाले. "घेऊन टाकू."

फिजिक्सचा माणूस स्वतः गाडीखाली शिरून बघतो आणि चांगली आहे म्हणतो, तिथं मी आणखी काय बघणार होते?

पुढचे तीन महिने मी ती गाडी मनापासून चालवली. मे महिन्यात वाटा कोरड्या असतात, मागच्या दोन चाकांवर ती कुठंही चढली. जूनमध्ये दोनदा किरकोळ चिखलात अडकली, तेव्हा लोकांनी ढकलली. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा जयसिंगराव म्हणाले, "बघ, ह्या गाड्यांचा असा भरवसा नसतो. वरच्या वाटा सोड आता. खालच्या गावांत काय कमी काम आहे?" मला वाटलं, माझाच हात अजून बसलेला नाही. रात्री पडल्या पडल्या मी मनात गिअर टाकायची तालीम करायची.

जुलैच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी विठू झोरे दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. जांभूळमाळच्या धनगरवाड्याचा. पन्नाशीचा असेल, अंगावर घोंगडी, तिच्यातून पाणी निथळत होतं. तो पहाटेच उतरायला लागला होता.

"डॉक्टरीणबाई, म्हशींचं गळं सुजल्यात," तो म्हणाला. "श्वास घेताना घर्र घर्र करत्यात. काल दोन गेल्या. आज तीन पडल्यात."

मला पुढचं विचारायची गरज नव्हती. घटसर्प. पावसाळ्यातला तो रोग एकदा वाड्यात शिरला की दोन-तीन दिवसांत गोठे रिकामे करतो. वर चाळीसच्या वर म्हशी होत्या. आजारी होत्या त्यांना इंजेक्शन वेळेवर मिळालं तर काही वाचल्या असत्या, धड होत्या त्यांना लस टोचली तर पुष्कळशा वाचल्या असत्या. मी लशीच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत भरल्या, औषधं घेतली आणि विठूला शेजारी बसवून निघाले.

अर्धी वाट बरी गेली. विठूला गाडीत बसायची सवय नव्हती, तो पुढच्या पट्टीला दोन्ही हातांनी धरून बसला होता आणि म्हशींची नावं सांगत होता. कुठली पडली, कुठली अजून उभी आहे. मग एक मोठं वळण येतं, तिथं जांभा दगड संपतो आणि नुसती लाल माती लागते. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खोल उतार. मी थांबले, दोन्ही दांडे टाकले, पहिला गिअर घातला आणि सावकाश चढायला लागले.

मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चिखल उडून ताडपत्रीवर आदळत होता. मी मागं घेऊन पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गाडी आडवी व्हायला लागली तशी मी ब्रेक दाबून धरला. गाडी थांबली, पण तिचा भरवसा नव्हता. मी स्वतःलाच शिव्या घालत होते. चारही चाकांची गाडी हातात आहे आणि तुला ती चढवता येत नाही.

"थांबा," विठू म्हणाला. "मागं दगूड लावतो. मग दमानं वडा."

"नको, विठूदादा, माती निसरडी आहे."

"म्हशी मरत्यात, बाय," तो म्हणाला आणि उतरला.

मला तो आरशात दिसत होता. त्यानं एक मोठा दगड उचलून आणला, वाकला आणि चाकामागं सारला. त्याच वेळी गाडी घसरली. ब्रेक पूर्ण दाबलेला होता, चाकं फिरत नव्हती, सगळी गाडीच त्या मातीवरून हातभर मागं सरकली आणि दगडाला टेकून थांबली. विठू ओरडला नाही. मी उतरून मागं गेले तेव्हा तो उकिडवा बसलेला होता आणि त्याचा उजवा हात दगड आणि टायर यांच्यामध्ये होता.

तो कसा सोडवला ते मी लिहीत नाही. जनावरांच्या बँडेजनं मी हात बांधला आणि गाडी वळवायला जागा नव्हती म्हणून तशीच मागं मागं उतरवत खाली आणली. त्या वेळी विठू एकच म्हणत होता, "म्हशींचं काय करायचं?"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुऊन बांधली आणि त्याला बेळगावला पाठवायचं ठरवलं. त्यांची गाडी सुटायला वेळ होता. तिचा ड्रायव्हर, मारुती नाईक म्हणून जुना माणूस, माझी जीप निरखत उभा होता.

"फोर-व्हील आहे ना ही? मग त्या चढावर घसरली कशी?"

"टाकली होती मी फोर-व्हील."

त्यानं आपला जॅक आणला. माझ्या जीपचं पुढचं एक चाक जमिनीवरून वर उचललं, मला दांडा टाकायला सांगितला आणि गाडी गिअरमध्ये ठेवायला सांगितली. इंजिन बंद. मग त्यानं एका बोटानं ते चाक ढकललं. ते सायकलीच्या चाकासारखं गरगर फिरत राहिलं.

"हे असं फिरता कामा नये, बाई. दोन्ही हातांनी हलता कामा नये. आतले शाफ्ट काढून घेतलेत कुणीतरी. दांडा नुसता दाखवायला आहे. ही दोन चाकांचीच गाडी आहे."

तिथून मी सरळ बारदेस्करांच्या कारखान्यात गेले.

घरी आल्यावर जयसिंगरावांना सगळं सांगितलं. ते रेवाला मांडीवर घेऊन बसले होते. ऐकताना त्यांचा चेहरा पांढरा पडला, तो विठूसाठी, असं मला वाटलं.

"बारदेस्कर काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"माहीत होतं म्हणाला. वर तोंड करून तुमची चौकशी करतो, साहेब आलेत का. बाईशी बोलायचंच नाही त्याला."

"आणखी काही बोलला?"

"काय बोलणार?"

"तू आता तिकडं जाऊ नकोस," ते म्हणाले. "अशा माणसांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन जांभूळमाळला चालत गेले. तीन तास लागले. तोवर आणखी सहा म्हशी मेल्या होत्या. विठूच्या स्वतःच्या चारच्या चार. एकटीनंच धडपडत मी उरलेल्यांना टोचलं. विठूच्या बायकोनं मला तांब्या भरून ताक दिलं आणि नवऱ्याचा हात कसा आहे ते विचारलं. दोन बोटं जाणार हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरा होईल.

त्या सगळ्या आठवड्यात माझ्या डोक्यात बारदेस्करच होते. इंजेक्शन भरताना, भाकरी थापताना, रेवाची वेणी घालताना मी त्यांच्याशी भांडत होते, कधी मनात, कधी जयसिंगरावांसमोर मोठ्यानं. एवढा राग मी आयुष्यात कुणाचाच केला नव्हता.

रविवारी ते स्वतः दवाखान्यात आले. एक शेळीवाली बाई गेल्यावर ते दारात येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात छत्री. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

"काल बेळगावला गेलो होतो," ते म्हणाले. "त्या झोऱ्यांना बघून आलो. दोन बोटं काढलीत."

"मला कळलंय."

"बाई, मी बोलणार नव्हतो. शब्द दिला होता. पण तो हात बघितल्यावर काल जेवण गेलं नाही." त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. "एप्रिलात तुम्ही चहाला आत गेलात तेव्हा मी साहेबांना गाडीखाली सगळं दाखवलं. दोन वर्षांपूर्वी पुढचा एक जॉइंट तुटला होता. माझं काम सपाटीचं, म्हणून मी दोन्ही शाफ्ट काढूनच ठेवले होते. टाकून दिले नव्हते. ते पोत्यात बांधून मी साहेबांच्या हातात दिले. म्हणालो, जॉइंट नवे घाला, हे बसवून घ्या, त्याशिवाय गाडी डोंगरावर न्यायची नाही."

टेबलावर शेळीच्या औषधाची उघडी बाटली होती, तिचं झाकण मी लावत होते आणि ते बसत नव्हतं.

"मी म्हटलं, बाईंना बोलावतो, चालवणार त्या आहेत. साहेब म्हणाले, मी आठवडाभरात बसवून घेतो, तिला सांगू नका, उगाच घाबरेल. मला काय, शिकलेला माणूस, नवरा तुमचा. मी बरं म्हटलं. मला वाटत होतं शाफ्ट कधीच बसले असतील."

"म्हणून त्या दिवशी तुम्ही विचारलंत, साहेब आलेत का."

"होय."

"तेव्हाच का नाही सांगितलंत? तेवढं ऐकून घेतलंत ते?"

"एवढ्या बायकांसमोर तुमच्या घरातलं सांगायचं?" बारदेस्कर म्हणाले. "तुमच्या अंगावर रक्त होतं, बाई."

ते गेल्यावर मी दवाखान्याला कुलूप लावलं. घर पाच मिनिटांवर होतं. जयसिंगराव ओसरीत उत्तरपत्रिका तपासत बसले होते. रेवा शेजारच्यांकडे खेळायला गेली होती.

"पोतं कुठं आहे?" मी विचारलं.

कुठलं पोतं, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"शैला, बस जरा."

"पोतं कुठं आहे?"

"माळ्यावर. माझ्या जुन्या जर्नल्सच्या मागं."

"विसरलात का बसवायला? विसरलो म्हणा. तेवढं तरी म्हणा."

ते खोटं बोलले असते तर कदाचित मी विश्वास ठेवला असता. पण खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते फक्त सांगत नसत.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, दोन-तीनदा अडकशील, कंटाळशील आणि वर जायचा नाद सोडशील. मी नको म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का? घरात चार वर्षांची पोर आहे. त्या वाटेवरून तू रोज जातेस, मला वर्गात फळ्यावर लिहिताना तीच वाट दिसते. गाडीच चढली नाही तर तू जाणारच नाहीस, असा माझा हिशेब होता."

"आणि मी जूनमध्ये अडकले तेव्हा तुम्ही म्हणालात, ह्या गाड्यांचा भरवसा नसतो."

त्यांनी समोरच्या उत्तरपत्रिका सारख्या केल्या.

"तेव्हा मी रात्र रात्र जागून गिअर टाकायचा सराव करत होते. मला वाटत होतं मला येत नाही. तुम्ही शेजारी झोपला होतात."

"मी तुझ्या काळजीनं केलं."

"काळजी?" मी म्हटलं. "ती गाडी आणखी दोन हात सरकली असती तर मी खाली गेले असते. तुमच्या काळजीनं गेले असते. आणि आठवडाभर मी त्या म्हाताऱ्याला शिव्या देत होते, तेव्हा तुम्ही समोर बसून ऐकत होतात. एकदाही तुमच्या तोंडातून निघालं नाही की शैला, तो माणूस खरा आहे."

मी माळ्यावर चढले आणि पोतं खाली ओढलं. ते जड होतं. जयसिंगराव मदतीला उठले तेव्हा मी म्हणाले, "हात लावू नका." आजवर त्या आवाजात मी त्यांच्याशी बोलले नव्हते. ते मागं सरले.

मंगळवारी गडहिंग्लजला गॅरेजमध्ये दुपारपर्यंत बसून मी शाफ्ट बसवून घेतले, नवे जॉइंट घातले. मिस्त्रीला म्हटलं, चाक उचलून दाखव. त्यानं उचललं. मी दोन्ही हातांनी जोर लावला, हललं नाही. तिथून मी कारखान्यात गेले. सगळ्या बायका जागेवर होत्या. मी मधोमध उभी राहिले आणि सांगितलं की त्या दिवशी मी बारदेस्करांना जे बोलले ते सगळं खोटं होतं, त्यांनी गाडीतला दोष माझ्या यजमानांना दाखवला होता आणि शाफ्टही दिले होते. त्यांच्या देवाचं नाव घेऊन बोलले त्याबद्दल मी हात जोडले.

बारदेस्कर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सगळं खोटं नव्हतं, बाई. तुम्ही म्हणालात, गाडी मी चालवते. ते खरं होतं. मी चालवणारीला सोडून दुसऱ्याला सांगितलं आणि मोकळा झालो. तेवढी चूक माझी."

विठू घरी आल्यावर चार दिवसांनी मी जीप घेऊन वर गेले. त्या वळणावर गाडी एकदाही न कुरकुरता चढली. पुढची चाकं मातीला धरून वर ओढत होती, ते स्टिअरिंगवर हाताला कळत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं ते रागानं.

विठू अंगणात बसला होता. हात फडक्यात बांधलेला. मला बघून तोच ओशाळला.

"माज्यामुळं तुमचा खोळंबा झाला, डॉक्टरीणबाई. दगूड नीट बसवाय पायजे हुता."

मी त्याला खरं सांगितलं. गाडीत काय नव्हतं, ते कुणाला माहीत होतं, आणि त्यानं ते का लपवलं. सगळं ऐकून विठूनं रिकाम्या दावणीकडे बघितलं.

"त्यास्नी मी काय केलतं?" त्यानं विचारलं.

मी खाली आले आणि तो प्रश्न जसाच्या तसा जयसिंगरावांना सांगितला. म्हटलं, "ह्याचं उत्तर मी देणार नाही. तुम्ही येऊन द्या." ते हो म्हणाले, पण कॉलेजात चाचण्या होत्या, मग प्रॅक्टिकल, मग एक लग्न. मी रोज सकाळी विचारायची, "आज येता?" बाकी काही बोलायची नाही. घरात पंचवीस दिवस एवढंच एक वाक्य होतं.

सव्विसाव्या दिवशी ते गाडीत येऊन बसले.

त्या दिवशी मला वाड्यातल्या उरलेल्या जनावरांना खुरकुताची लस टोचायची होती. वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही. वळण आलं तेव्हा त्यांनी खाली खोल उताराकडे बघितलं आणि दाराची दांडी घट्ट धरली. वर पोचल्यावर मी त्यांना विठूसमोर उभं केलं. विठूनं त्यांना नीट न्याहाळलं. पुन्हा तेच विचारलं, पण आता सरळ त्यांना.

"सायेब, मी तुमचं काय केलतं?"

जयसिंगरावांनी वाटेत पुष्कळ काही तयार केलं असणार. ते काहीच आलं नाही.

"तुम्ही माझ्या ध्यानातच नव्हता," ते म्हणाले. "वर कोण राहतं, कुणाला काय होईल, हे मी बघितलंच नाही. मी फक्त हिला बघत होतो."

विठूनं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि तसं म्हणावं असं मला वाटतही नव्हतं. त्याच्या भावाच्या म्हशी बाहेर बांधल्या होत्या. पहिली म्हैस बिचकून मागं सरत होती. विठूनं सवयीनं उजवा हात पुढं केला, मग तो परत घेतला.

"मला शिंग धराय येत न्हाई आता," तो म्हणाला. "तुमी धरा."

जयसिंगरावांनी आयुष्यात म्हशीला हात लावला नव्हता. त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि दोन्ही हातांनी शिंगं धरली. म्हशीनं मानेला एक झटका दिला तसे ते चिखलात गुडघ्यांवर आपटले. वाड्यातली पोरंसुद्धा हसली नाहीत. विठू बाजूला उभा राहून सांगत होता, नाकाजवळ धरा, अंग तिला टेकवा, भ्याला तर तिला कळतंय. दुपार टळेपर्यंत आम्ही तेहतीस जनावरं टोचली. एकही त्यांनी दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही. शेवटी त्यांचे तळहात सोलवटले होते आणि शर्टाची एक बाही खांद्यापासून उसवली होती. विठूच्या बायकोनं दिलेलं ताक त्यांनी उभ्यानंच प्यायलं.

निघताना ते गाडीत बसले आणि हात मांडीवर उताणे ठेवून तळव्यांकडे बघत राहिले. मी किल्ली फिरवली.

"शैला," ते म्हणाले, "आता झालं ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर चिखल होता, आणि त्या प्रश्नात कुठलीही लबाडी नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की झालं असेल.

"नाही," मी म्हणाले आणि गाडी उताराला लावली.